भाच्याची पहिली प्रो फाईट आणि कॉर्नरला मामा

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याची पहिली प्रो फाईट झाली मुंबईला, एमएमएची, म्हणजे ते जाळीच्या पिंजऱ्यात लाथा बुक्क्या कुस्ती सगळं चालतं ते. मी त्याच्या कॉर्नरला होतो, म्हणजे पिंजऱ्याबाहेर बसून सूचना द्यायला आणि राऊंडमधे पाणी पाजायला. तेव्हापासनं कोल्हापुरात आमच्या पेठेत जो भेटेल तो विचारतो, खरं खरं मारतात काय, पैसे किती देतात, आमच्या पोराला घालू काय, आणि चहाच्या टपरीवर उभं राहून तेच तेच सांगून आता कंटाळा आलाय म्हणून एकदाच बसून लिहितोय. फाईट सोडून बाकीचंच जास्त लिहिणार, कारण फाईट काय पाच पाच मिनिटांचे तीन राऊंड, मोबाईलवर कुणीपण बघेल. त्याच्या आधी जे काय चालतं ते बघायला कुणी नसतं.

पोरगं तालमीतलं. मीपण तिथलाच, पण गुडघा गेला आणि मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला लागलो. हा मात्र चांगला तयार झालेला, जत्रेत जोड लागायची, एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडायचा डाव, त्याचा हुकमी, समोरच्यानं पाय जरा पुढं टाकला की हा खाली घुसलाच समजा. पण अंगानं बारका. वजन ७३-७४ किलो. आता कोल्हापूरच्या मातीत नाव करायचं तर गडी कसा दारात मावता कामा नये असा लागतो, खासबाग मैदानात शेवटची कुस्ती बघायला लोक थांबतात ती हत्तीसारख्या पैलवानांची, हलक्या वजनाच्या कुस्त्या होतात तेव्हा निम्मी पब्लिक बाहेर भेळ खात असते. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत देशाला पदक आणलं ते ५७ किलोच्या गटात, हे आपण भाषणात सांगतो, पण मैदानात ५७ किलोच्या पोराकडं कोण बघतंय. तर भाचा ह्या सगळ्याला वैतागला होता आणि मोबाईलवर खबीबच्या, म्हणजे कुस्तीच्या जोरावर चॅम्पियन झालेल्या त्या रशियन फायटरच्या, फाईट बघून बघून त्याच्या डोक्यात हे बसलं की कुस्ती येणाऱ्याला तिथं किंमत आहे आणि वजनाचे गट आहेत. गट आहेत हे त्याच्यासाठी मोठं होतं.

जिम उद्यमनगरात. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. खाली वर्कशॉप, लेथ चालू, वर पत्र्याचं शेड, त्यात मॅट टाकलेले, एका भिंतीला आठ-दहा फूट जाळी वेल्डिंग करून बसवलेली, खालच्याच वर्कशॉपवाल्यानं करून दिलेली. कूलंटचा वास आणि घामाचा वास एकत्र येतो. कोच किकबॉक्सिंगचा माणूस, पुण्यात राहून जुजुत्सू, म्हणजे खाली पाडून गळा हात आवळायची विद्या, शिकून आलेला. मला आधी वाटलं होतं सगळी पोरं फायटर असतील. तसलं काय नसतं हो. संध्याकाळच्या बॅचला वजन कमी करायला आलेली माणसं, कॉलेजच्या पोरी सेल्फ डिफेन्सला, एक डॉक्टर, दोन सराफ कट्ट्यावरचे, आणि त्यांच्या फीवर जिमचं भाडं आणि लाईटबिल निघतं. खरे लढणारे चार-पाच, त्यांच्याकडनं फी नाहीच बहुतेक, ते सकाळी येतात आणि मॅट पुसतात. म्हणजे प्रो फायटर तयार होतो तो पोट कमी करायला आलेल्या लोकांच्या जिवावर, हे कुणाला पटणार नाही पण असंच आहे.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगतो कारण पुढचं सगळं त्यातनंच आलं. कोचनं भाच्याला एका बँकेत नोकरी करणाऱ्या चष्मेवाल्याबरोबर उभं केलं. चष्मा काढून ठेवला त्यानं. वजन साठ असेल नसेल. भाचा माझ्याकडं बघून हसला, मीपण हसलो. सुरू म्हणल्याबरोबर भाचा घुसला पटाला, एक नंबर घुसला, पाय हातात, उचलला पण, आणि खाली पडता पडता त्या बँकवाल्यानं त्याची मान काखेत घेतली आणि दोन्ही हात बांधून कमरेतनं ताण दिला. भाच्याचा चेहरा लाल, मग जांभळा, आणि दोनच सेकंदात मॅटवर थाप, म्हणजे हरलो, सोड. गिलोटिन म्हणतात त्याला. परत उभे राहिले, परत तेच. तिसऱ्यांदा भाचा सावध झाला आणि पडल्यावर लगेच पालथा झाला, पोटावर, आपल्याकडं कसं, पोटावर आला की वाचला, वरचा गडी बसू दे पाठीवर लंगोट धरून घिस्से मारत, पाठ लागत नाही तोवर काय टेन्शन नाही. तर तो चष्मेवाला पाठीवर चढला, मागनं गळ्यात हात घातला आणि परत थाप.

तिथं मला कळलं की ह्यात कुस्तीवाल्याला नवीन शिकायचं आहेच पण लहानपणापासनं हाडात बसलेलं मोडायचं जास्त आहे. लाल मातीत दोन्ही खांदे टेकले की खेळ खलास, त्यामुळं आमचं अंग झोपेतसुद्धा पालथं व्हायला बघतं. इथं पाठीवर पडलं तर अजून लढता येतं, खालनं पण गळा धरता येतो, हात मोडता येतो, आणि पालथं झालं तर मेलाच, गळा तरी जाणार नाहीतर वरनं ठोसे. पटाला जाताना आपण डोकं बाहेरच्या अंगाला टाकतो, मातीत गळा आवळायची भीती नसते म्हणून. इथं डोकं बाहेर म्हणजे मान ताटात वाढून दिली. आपल्या मुंबईचा भरत खंडारे, हापण कुस्तीतनंच आलेला, २०१७ ला शांघायला यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या संघटनेत, उतरला, भारतातनं गेलेला पहिला गडी, आणि पहिल्याच राऊंडला गिलोटिनमधेच गेला. कोचनं ती फाईट भाच्याला इतक्यांदा दाखवली की नंतर तो उठून जायचा.

बरं आणि मारणं. हे मला लई विचित्र वाटलं होतं, की ह्या पोराला माणूस मारताच येत नव्हता. म्हणजे पाडणार, दाबणार, पण हात उचलायचा म्हणलं की अंग आखडायचं. तालमीतल्या वस्तादांना सांगायला गेलो तेव्हा ते खुराकाचे बदाम निवडत बसलेले, मान वर न करता म्हणाले, "पडलेल्या माणसाला मारायचं असतंय व्हय रं? आम्ही पोरास्नी हे शिकवलं नव्हतं." मी काय बोलणार. खोटं नव्हतंच ते. भाचा तिथं गप उभा राहिला, पाया पडला आणि आला. पुढं कितीतरी महिने स्पारिंगमधे, म्हणजे सरावाच्या फाईटमधे, तो समोरच्याला पाडायचा आणि वर नुसता बसून राहायचा, कोच ओरडायचा "मार की!" आणि हा एक ठोसा असा टाकायचा की बघणाऱ्यालाच वाईट वाटावं.

जाळीचं पण तसंच. मैदानात भिंत कुठं असते? मागं सरकायला मोकळी जागा. इथं मागं सरकला की जाळी, आणि जाळीला टेकवून पाडणं, जाळीला टेकून उभं राहणं ही वेगळीच विद्या आहे, आणि जाळी बोटांनी धरायची नाही, चड्डी धरायची नाही. जन्मभर लंगोटाला हात घालून घिस्सा मारलेल्या माणसाला चड्डी धरू नको म्हणणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

मग अमॅच्युअर फाईट झाल्या. त्यात ग्लोव्ह्ज जाड, नडगीला पॅड, राऊंड छोटे. बऱ्याच जिंकला, एक हरला. ते सगळं सांगत बसत नाही.

प्रोची ऑफर आली ती व्हॉट्सॲपवर कोचला. मुंबईत शो, फेदरवेट, म्हणजे १४५ पौंड, आपल्या हिशोबानं ६५.८ किलो, टायटलची फाईट नसेल तर वर एक पौंड सूट, म्हणजे ६६.२ पर्यंत चालतं. समोर मणिपूरचा पोरगा, लाथा मारणारा. त्याच्या मागनं कॉन्ट्रॅक्ट आलं, पंधरा-वीस पानं इंग्रजी. भाचा म्हणाला सही करून टाकू, मी म्हणलं थांब, आणि माझा एक वर्गमित्र कोर्टात वकिली करतो त्याच्याकडं घेऊन गेलो. त्यानं दोन गोष्टींवर पेन्सिलनं खूण केली. एक म्हणजे पैसे दोन भागात, उतरल्याचे एवढे आणि जिंकला तर तेवढेच अजून. हरला तर निम्मेच. दुसरं, ठराविक काळात दुसऱ्या कुठल्या संघटनेकडं लढायचं नाही, आणि त्यात शब्द असे घातलेले की त्यात काय काय येतं ते वकिलालापण नीट सांगता येईना. ते पुढं सांगतो.

मेडिकल. यादी आली ती बघून आक्का, म्हणजे माझी बहीण, हबकली. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, रक्ताच्या बाकीच्या, ईसीजी, डोळे, आणि डोक्याचा एमआरआय. रक्त उडतं म्हणून पहिल्या तीन, आणि डोक्यात आधीचंच काय नाही ना म्हणून एमआरआय. लॅबमधल्या माणसानं आधी कागद बघितला मग भाच्याचे फुटलेले कान बघितले आणि म्हणाला, "काय पैलवान, लगीन ठरलं काय?" आता त्याला कुठं समजवायचं. एमआरआयचा खर्च आमचा आम्हीच. चांगला मोबाईल आला असता तेवढ्यात. दाताचा गार्ड डेंटिस्टकडनं माप देऊन करून घेतला, दुकानातला पाण्यात उकळून चावायचा असतो तो सारखा निसटायचा. सांगायचं एवढंच की पिंजऱ्यात पाय ठेवायच्या आधी खिशातनं जातं ते कुणी मोजत नाही. तालमीतल्या पोरांनी, जिममधल्या त्या सराफांनी, माझ्या फौंड्रीतल्या लोकांनी थोडे थोडे घातले. खाशाबांना १९४८ ला लंडनला पाठवायला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला होता आणि १९५२ ला राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी, खर्डीकर सरांनी, घर गहाण टाकलं होतं. आम्हाला घर गहाण टाकायची वेळ आली नाही एवढं बरं.

कॅम्प, म्हणजे फाईटच्या आधीची तयारी, सगळा पावसात. पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की कोच शिट्टी वाजवायचा ती ऐकू यायची नाही, मग हातानं खुणा. सकाळी रंकाळ्याला पळणं, पाणी रस्त्यावर आलं की कळंब्याकडं. त्याच्या वजनाचा, लाथा मारणारा गडी कोल्हापुरात मिळेना, म्हणून आठवड्यातनं एकदा एसटीनं बेळगावला, तिथं दोघं किकबॉक्सिंगवाले होते, त्यांच्याकडनं मांडीवर लाथा खाऊन परत. रात्री मांडी बघितली तर काळीनिळी, बर्फ लावायचा आणि जिना चढताना कठडा धरायचा. आक्का मला फोन करून म्हणायची, "त्याच्या तोंडाला काय झालं तर तुझ्या दारात येऊन बसंन बघ." बसली नाही, पण म्हणायची रोज.

आणि खाणं. पैलवानाच्या घरात जन्मापासनं एकच ऐकलेलं, खा, अजून खा, वजन वाढव, गंगावेशीत कट्ट्यावर जा, म्हशीची धार समोर काढून घे आणि पी. आता उलटं. त्यात आषाढ लागला, टेंबलाई देवीला नदीचं नवं पाणी घालायला वाजतगाजत गेले सगळे, घरोघरी मटण, तांबडा पांढरा, सगळा पैपावणा जेवायला बसलाय आणि हा कोपऱ्यात उकडलेली कोंबडी आणि काकडी खायलाय. आत्या, मावश्या सगळ्यांनी विचारलं पोरगं आजारी हाय काय. आजीनं तर गपचूप पांढऱ्या रश्श्याची वाटी त्याच्या ताटात ठेवली, त्यानं ती मला दिली आणि मी प्यालो, दुसरं काय करणार.

वजन उतरवणं हा प्रकार मात्र नीट सांगतो, कारण पोरं यूट्यूब बघून करायलेत आणि त्यात जीव जाऊ शकतो. खरोखर गेलेत. २०१५ मधे मनिलाला वन चॅम्पियनशिप ह्या एमएमए संघटनेच्या शोच्या आधी यांग जियान बिंग नावाचा एकवीस वर्षांचा चिनी पोरगा वजन तोडतानाच गेला, त्यानंतर त्या लोकांनी नियमच बदलले, लघवी तपासून अंगात पाणी आहे का बघायला लागले. विनेश फोगाटचं पॅरिसचं २०२४ चं सगळ्यांना माहितीच आहे, १०० ग्रॅम. सगळी रात्र घाम काढून १०० ग्रॅम राहिले.

आमचं असं होतं की हळूहळू डाएटनं ७० पर्यंत आणायचं, आणि शेवटचं पाणी शेवटच्या आठवड्यात. सुरुवातीला मीठ बंद आणि पाणी उलट जास्त, दिवसाला सहा-सात लिटर, म्हणजे शरीराला वाटतं पाणी भरपूर आहे आणि ते बाहेर टाकत राहतं. मग शेवटी पाणी एकदम कमी, शरीर मात्र अजून टाकतच असतं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो, रात्रभर तो वरच्या बर्थवर ओठाला ओला रुमाल लावून पडलेला आणि खालच्या बर्थवर एका कुटुंबानं मिरज यायच्या आधीच डबे उघडलेले, चटणीचा वास डब्यात भरलेला. एक शब्द बोलला नाही पोरगं.

हॉटेलात टब असेल म्हणले होते, नव्हता. म्हणून बाथरूमचं दार बंद करून गरम पाण्याचा शॉवर सोडला, वाफ केली, त्याला अंगाला गरम टॉवेल गुंडाळून, वर प्लॅस्टिकचा सूट घालून, टोपी घालून स्टुलावर बसवला. दहा मिनिटं आत, मग बाहेर काढून चादरी टाकून झोपवायचं, एटीएमच्या जुन्या कार्डानं अंगावरचा घाम निपटायचा, कारण घाम तसाच राहिला की नवीन सुटत नाही. कोच नाडी बघतोय, मी कार्ड मारतोय. फौंड्रीत भट्टीसमोर उभं राहून घाम माझा रोज जातो, पण असा घाम मी बघितला नव्हता, शेवटी शेवटी येतच नाही, कातडी नुसती गरम आणि कोरडी लागते आणि पोरगं विचारलेल्याचं उत्तर उशिरा देतं. तिथं कोच म्हणाला बस, थांबायचं, अर्धा किलो वर आहे ते झोपेत जाईल. मी म्हणलं नाही गेलं तर? तो म्हणाला नाही गेलं तर दंड भरू, पोराला नाही मारणार. माझा त्या कोचवर खरा विश्वास बसला तो तिथं. रात्रभर लघवी आणि श्वासातनं गेलंच ते. सकाळी ६६.१.

काट्यावरनं उतरल्या उतरल्या ओआरएसची बाटली तोंडाला, घोट घोट, मग मऊ भात, केळं, मीठ घातलेली पेज. दुसऱ्या दिवशी फाईटला उतरताना परत ७१ च्या पुढं असणार. म्हणजे ६५.८ ची फाईट हे नुसतं नावाला, दोन्हीकडचे सत्तरचेच असतात. हे मला अजून पटलेलं नाही, सगळे करतात म्हणून आपण करायचं असा हा प्रकार आहे. पण आता त्यावर भांडायला मी कोण.

फाईटच्या दिवशीची एक गोष्ट मला सगळ्यात आवडली ती म्हणजे हात बांधणं. खुर्ची उलटी करून तिच्या पाठीवर हात ठेवायचा, बोटं पसरून. आधी गॉझ, मनगटाला, मग तळव्यावर, मग बोटांच्या मधनं पट्टीच्या बारीक चिंध्या, मग चिकटपट्टी. मुठीच्या हाडांवर पट्टीचा थर चढवायचा नाही, तिथं नुसतं गॉझ, नाहीतर हात प्लास्टरसारखा होतो. मधे मधे "मूठ वळ, सुन्न वाटतंय काय, उघड" असं विचारायचं. समोरच्या कॉर्नरचा माणूस येऊन उभा राहून बघतो, आत काय घातलं नाही ना, आणि आयोजकांचा माणूस शेवटी पट्टीवर मार्करनं सही करतो. मग ग्लोव्ह्ज, चार औंसाचे, सव्वाशे ग्रॅमपण नाहीत, बोटं उघडी. ते घातल्यावर भाच्याला साधी बाटली उघडता येईना, पाणी मी पाजलं. आणि मग थांबणं. आमची फाईट चौथी होती आणि आधीच्या तिन्ही लवकर संपतील की पूर्ण चालतील ते कुणाला माहिती, वॉर्मअप कधी सुरू करायचा तेच कळत नाही. दोन नॉकआऊट पटापट झाले आणि धावपळ.

कॉर्नरला बसायचे नियम पण असतात. राऊंड चालू असताना खुर्ची सोडायची नाही, जाळीला हात लावायचा नाही, तोंडानं काय सांगायचं ते सांगा. राऊंड संपला की एक मिनिट, त्यात स्टूल आत, पाणी, बर्फ. रक्त आलं तर आम्ही हात लावायचा नाही, त्यांचा कटमॅन असतो, तो जखमेत ॲड्रेनलिनचा बोळा दाबतो आणि व्हॅसलिन लावतो. आम्ही आधीच ठरवलं होतं की सूचना तालमीच्या भाषेत द्यायच्या, समोरच्या कॉर्नरला हिंदी इंग्रजी दोन्ही कळणार. "बैठक" म्हणजे खाली वाकून पाय धर. "लंगोट आवळ" म्हणजे हात वर, तोंड झाक. "आखाड्याबाहेर" म्हणजे जाळीपासनं लांब हो. मी पहिल्यांदा "लंगोट आवळ रं!" असं ओरडलो तेव्हा शेजारी बसलेला कॅमेरावाला मराठी निघाला, त्याला हसू आवरेना.

पहिल्या राऊंडला त्या मणिपूरच्या पोरानं मांडीवर लाथा घातल्या, आवाज वरपर्यंत जात होता. भाचा दोनदा पटाला गेला, दुसऱ्यांदा मान सापडली. तेच गिलोटिन. माझ्या पोटात गोळा. पण पोरगं घाबरलं नाही, ज्या अंगाला मान अडकली होती त्याच्या उलट्या अंगाला सगळं शरीर टाकलं, खांदा त्याच्या गळ्यावर दाबला आणि हळूहळू मान काढली. उद्यमनगरात त्या बँकवाल्याबरोबर हजारदा केलेलं तेच. राऊंड मात्र त्या मणिपूरच्या पोराचा. दुसऱ्या राऊंडला भाच्यानं त्याला जाळीला टेकवून पाडला, वर बसला, आणि ह्यावेळी मारला. कोपरानं मारला. व्यवस्थित मारला. मी ओरडत होतो आणि त्याच वेळी वस्तादांचा चेहरा डोळ्यापुढं येत होता, काय करू, आला. हा राऊंड आमचा, कुणालाही विचारा.

तिसऱ्याला भाच्याच्या भुवईवर कोपर लागून रक्त डोळ्यात. तरीपण भाच्यानं दोनदा पाडला, पण दोन्हीवेळा तो लगेच उठला. आता मातीत दोनदा पाडला म्हणजे मैदान डोक्यावर घेतलं असतं लोकांनी. इथं जज बघतात नुकसान कुणी जास्त केलं, नुसतं पाडून उपयोग नाही, पाडल्यावर काय केलंस ते दाखव. राऊंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९. तिन्ही राऊंडची बेरीज करून दोन जजनी २९-२८ त्या मणिपूरच्या पोराला दिले, एकानं आम्हाला. हरलो. भाच्याला खरं वाटेना, रेफ्रीनं समोरच्याचा हात वर केला तरी हा आपला हात वर जाईल म्हणून बघायलाय. मला विचाराल तर तिसरा राऊंड त्या मणिपूरच्या पोराचाच होता, लोकांना मी हे सांगत नाही पण होता.

भुवईला टाके पडले, महिनाभर डोक्याला मार लागेल असं काही करायचं नाही म्हणून डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं. आक्कानं टाके बघितले, काही बोलली नाही, हळद घातलेलं दूध आणून दिलं आणि मला चहासुद्धा विचारला नाही.

पैसे निम्मे, म्हणजे उतरल्याचे, त्यातनं टीडीएस, त्यातनं कोचचा वाटा, एमआरआय, बेळगावच्या फेऱ्या. हिशोब वहीत मांडला तर बाकी जवळपास शून्य, आणि तेपण कितीतरी आठवडे आलेच नाहीत, दर वेळी "प्रोसेसमधे आहे". जत्रेतली कुस्ती असती तर मैदानातच पंचांनी हातात नोटा ठेवल्या असत्या, वर फेटा. पण जत्रेत ह्याच्या वजनाला एवढी रक्कमपण लागली नसती हेपण तितकंच. भारताची पूजा तोमर २०२४ ला यूएफसीत जिंकली, अंशुल जुबली तिथवर पोचला, म्हणजे रस्ता आहे. कोल्हापुरातनं जायला मधे किती टोलनाके आहेत तेवढं फक्त कळलं.

आता ते कॉन्ट्रॅक्टचं. टाके सुकले आणि वस्तादांनी निरोप धाडला, गावच्या जत्रेला जोड लावायची आहे, येतोस काय. पोरगं खूश, कारण वस्तादांनी आपणहून बोलावलं. पण वकील म्हणाला त्या कलमाप्रमाणं दुसऱ्या कुठल्याही "कॉम्बॅट" स्पर्धेत उतरायला बंदी आहे, आता मातीतली कुस्ती त्यात येते का? मुंबईला मेल टाकली. तिकडनं फोन आला, पोरगी होती बोलायला, तिनं विचारलं संघटनेचं नाव काय, मी म्हणलं संघटना नाही हो, जत्रा आहे, ग्रामदैवताची. मग ती म्हणाली आयोजकांचं लेटर लागेल. सरपंचांनी ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर लिहून दिलं की सदर कुस्ती ही परंपरागत असून त्यात ठोसे, लाथा वगैरे नाहीत, खाली शिक्का. ते स्कॅन करून पाठवलं. परवा उत्तर आलं, परवानगी आहे, फक्त पुढच्या फाईटच्या सहा आठवडे आत नको आणि कान-डोळ्याला लागलं तर कळवायचं. पुढची फाईट आम्ही ७०.३ ला मागितलीय, लाईटवेट, ते पाणी काढायचं बंद. कोच तयार आहे, तिकडनं अजून हो आलेलं नाही. जत्रेत जोड ठरलीय इचलकरंजीकडच्या पैलवानाबरोबर, आणि सध्या वस्ताद त्याला रोज ओरडायलेत की पटाला जाताना डोकं आत का घालतोस, बाहेर टाक.